पडद्यांचा दोष, पेटीचा दोष आणि कानाचा निवाडा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने निघाले की मुर्धा, राई आणि मोरवा ही गावे लागतात. खाडी, मिठागरे आणि आगरी-कोळी वस्ती असा हा पट्टा. पुढे डोंगरी-उत्तनकडे ख्रिस्ती वस्ती दाट होत जाते. जुन्या इतिहासात धारावी बेट म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो हाच भूभाग. १५३४ ते १७३९ या काळात येथे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत तो संपला. या इतिहासामुळे येथे दोन वाद्ये शेजारीशेजारी नांदतात: देवळातल्या भजनाची पेटी आणि चर्चमधल्या गायनवृंदाची गिटार. दोघींचे कुळ वेगळे, श्रोते वेगळे. पण दोघींवर आरोप मात्र एकच आहे, की हे वाद्य पूर्ण सुरात लागत नाही.

हा आरोप कितपत खरा आणि तो दूर करण्यासाठी आजवर कोणी काय केले, याचा मागोवा येथे घ्यायचा आहे. आमचा विषय मराठी वाङ्मय, वाद्यशास्त्र नव्हे. तरीही या प्रश्नात शिरण्याचे कारण असे, की वाद्याच्या बेसूरपणाची चर्चा जिथे जिथे झाली, तिथे तिथे ‘शुद्ध कोण ठरवणार’ हा प्रश्न तिच्या पोटात होता आणि तो प्रश्न भाषेच्या अभ्यासकांना परका नाही.

प्रथम गिटारचा दोष नीट समजून घेऊ. गिटारच्या दांडीवर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात त्यांना वादक फ्रेट म्हणतात. सतारीच्या संदर्भात आपण पडदे म्हणतो. येथे दोन्हींसाठी पडदे हाच शब्द वापरू. नवशिक्या वादकाची तक्रार ठरलेली असते: सहाही तारा मोकळ्या वाजवल्या तर सुरात, पण दांडीवर जसजसे खाली, घोडीच्या दिशेने यावे तसतसे स्वर चढे लागतात. कारण साधे आहे. तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि ताण वाढला की स्वर चढतो. तार पडद्यांपासून जितकी उंच, तितकी ती अधिक दाबावी लागते आणि तितका स्वर अधिक चढतो. जाड तार ताठ असल्यामुळे तिच्या बाबतीत हा चढ जास्त असतो. म्हणजे पडद्यांचे गणित अगदी अचूक असले तरी बोटाचा दाब ते बिघडवतो.

याची परीक्षाही सोपी आहे. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. त्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून छेडले तर वरच्या सप्तकाचा घंटेसारखा स्वर निघतो. तिथे दाब नसल्याने तो खरा मानायचा. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडायची. दोन्ही स्वर मिळाले तर वाद्य ठीक. दाबलेला स्वर चढा असेल तर तारेची लांबी थोडी वाढवायला हवी, उतरा असेल तर कमी करायला हवी. ही लांबी बदलण्याची जागा म्हणजे घोडीत बसवलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, जिला सॅडल म्हणतात. पोलादी तारांच्या गिटारीत ही पट्टी तिरकी बसवलेली दिसते: जाड तारांकडचे टोक मागे, बारीक तारांकडचे पुढे. तो तिरकेपणा शोभेसाठी नसून हिशेबाचा आहे. दुसरी तार बिनगुंडाळीची आणि तुलनेने जाड असल्यामुळे तिच्यासाठी पट्टीचा माथा पुन्हा जरा मागे कोरावा लागतो. कुशल कारागीर पातळ कानशीने पट्टीचा माथा असा घासतो, की प्रत्येक तार आपापल्या जागी टेकते. पट्टीची जाडी साधारण तीन मिलिमीटर. सगळी दुरुस्ती तेवढ्या जागेत करायची. त्याहून जास्त फरक असेल तर घोडीतली खाच बुजवून नवी पाडावी लागते.

मात्र सॅडलला हात लावण्यापूर्वी इतर कारणे तपासणे अगत्याचे असते. जुन्या, घामाने गंजलेल्या तारा कधीच सुरात लागत नाहीत. त्या आधी बदलाव्यात. दांडीच्या वरच्या टोकाशी खाचांची जी पट्टी असते, म्हणजे नट, तिच्या खाचा उथळ असल्या तर तार पहिल्या दोन-तीन पडद्यांवरच उंच राहते आणि तेथले स्वर चढतात. दांडीचा बाक वाढला असेल तरी तोच परिणाम होतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर पावसाळा आहे. दमट हवेत गिटारची लाकडी तबकडी फुगते, घोडी उचलली जाते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. उन्हाळ्यात बरे वाजणारे वाद्य श्रावणात बिघडले, असे वाटते ते यामुळे. अशा वेळी घाईने सॅडल घासणाऱ्याला हवा कोरडी झाल्यावर पश्चात्ताप करावा लागतो.

हा झाला गिटारचा पहिला दोष. तो यंत्राचा आहे आणि कानशीने दूर होतो. याचा इतिहासही मनोरंजक आहे. १५८१ साली फ्लॉरेन्समध्ये विन्चेन्झो गॅलिली या संगीतज्ञाने ल्यूट या तंतुवाद्याचे पडदे बसवण्याचा एक सोपा नियम ग्रंथात नोंदवला. हा विन्चेन्झो म्हणजे दुर्बिणीने आकाश पाहणाऱ्या गॅलिलिओचा पिता. ज्या वर्षी तो ग्रंथ निघाला त्या वर्षी धारावी बेटावर पोर्तुगीजांचा अंमल सुरू होऊन जवळपास अर्धे शतक लोटले होते. नियम असा: तारेच्या लांबीचा अठरावा भाग मोजून पहिला पडदा बसवायचा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजून दुसरा, आणि असेच पुढे. या नियमाने ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर बारावा पडदा मध्यावर, म्हणजे ३२५ मिलिमीटरवर न येता सुमारे ३२२.६ मिलिमीटरवर येतो. कागदावर ही चूक आहे. सप्तक पुरे होत नाही, स्वर उतरा राहतो. पण बोटाच्या दाबाने स्वर चढतो हे आपण वर पाहिले. उतरा पडदा आणि चढा दाब एकमेकांना बरेचसे सावरून घेत. आज गिटारचे कारखाने अठराऐवजी १७.८१७ हा भाजक वापरतात. त्यामुळे पडदे कागदावर अचूक येतात आणि दाबाची भरपाई सॅडल दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवून वेगळी करावी लागते. गणित सुधारले आणि दुरुस्तीची गरज उघडी पडली.

आता दुसरा दोष. समजा, वरील सर्व दुरुस्ती निर्दोष झाली. तरीही तयार कानाच्या माणसाला गिटारचा गंधार खटकेल. तंबोरा लावून षड्जावर ध्यान दिले असता जो शुद्ध गंधार त्यातून आपोआप उमटतो त्याचे षड्जाशी नाते ५:४ असे असते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, ज्यांना सेंट म्हणतात, तर हा गंधार सुमारे ३८६ व्या भागावर येतो. गिटारचा गंधार ४०० वर असतो, म्हणजे १४ सेंट चढा. पंचमात फरक अवघा दोन सेंटांचा, म्हणून तो कोणाला जाणवत नाही. हा फरक कारागिराच्या हयगयीतून आलेला नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे ठरवले की तो येणारच. असे सारखे भाग केले तर कोणत्याही पट्टीतून गाणे वाजवता येते, हा लाभ. आणि षड्ज सोडून एकही स्वर निसर्गाच्या नात्यात बसत नाही, ही त्याची किंमत. या विभागणीचे गणित चीनमध्ये राजपुत्र झू झाययू याने १५८४ मध्ये मांडले होते. युरोपने ती पुढे वाद्यांसाठी स्वीकारली आणि तेथून ती पेटीतून व गिटारीतून आपल्याकडे आली.

पहिला दोष आणि दुसरा दोष यांतला हा भेद ध्यानात न घेतल्याने फार गोंधळ होतो. वादक एखादा स्वरमेळ कानाला गोड लागेपर्यंत खुंट्या पिळतो. तो मेळ जुळतो आणि पुढचा बिघडतो. मग तो वाद्याला दोष देतो. खरे तर त्याने एका नात्याचा न्याय केला आणि दुसऱ्यावर अन्याय. सॅडल कितीही घासली तरी यावर उतारा नाही, कारण हा दोष दुरुस्तीचा विषय नसून निवडीचा आहे.

आपल्या परंपरेने ही निवड निराळी केली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. एक वीणा अचल, तिचे स्वर ठरलेले. दुसरी चल, तिच्या तारा पायरीपायरीने उतरवायच्या आणि दोहोंतले अंतर कानाने पारखायचे. बावीस श्रुतींची कल्पना या प्रयोगाशी बांधलेली आहे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की मोजण्याचे साधन म्हणून येथे कान आहे, मोजपट्टी नाही. ज्या सूक्ष्म अंतराला भरत प्रमाणश्रुती म्हणतो ते अनेक आधुनिक अभ्यासकांनी ८१:८० या गुणोत्तराचे, म्हणजे साधारण २२ सेंटांचे मानले आहे.

हीच वृत्ती सतारीच्या घडणीत दिसते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागाप्रमाणे सरकवता येतात. एकोणिसाव्या शतकापासून मिरजेत ही वाद्ये घडत आली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर या कामाकडे वळले आणि फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतील आद्य नाव मानले जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांचे सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी काढणे: घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की तार त्यावर हलकेच घसटून स्वराला झंकार यावा. गिटारची सॅडल घासणारा आणि मिरजेत जवारी काढणारा, दोघांच्या हाती कानस तीच आणि काही केसांइतके हाड घासायचे कामही तेच. फरक इतकाच, की पहिला सुईचा काटा पाहतो आणि दुसरा ऐकतो.

या जगात पेटी आली. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र देबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि शतक संपण्यापूर्वी ती महाराष्ट्रात घरोघरी पोचली. १८८० च्या ‘शाकुंतल’पासून बहरलेल्या संगीत रंगभूमीला पेटी आणि ऑर्गन यांनी आधार दिला. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी उभी करणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः थोर पेटीवादक. पेटीचे स्वर मात्र गिटारच्या पडद्यांसारखेच गोठलेले. मींड नाही, आंदोलन नाही आणि गंधार चढा.

हा दोष दूर करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी गायकाचा गळा आणि मोजलेली तार यांचा मेळ घालून श्रुतींची गुणोत्तरे काढण्याचा ध्यास घेतला. या कामी त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या कमालीच्या सुरेल गवयाचे साहाय्य लाभले. १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक पुण्यातून निघाले. आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्या मताने भारावले. १९१३ मध्ये त्यांचा भारतीय संगीतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. लंडनच्या एच. केटली मूर यांच्या मदतीने या श्रुती वाजवणारी खास पेटी तयार करण्यात आली. तिचे नाव श्रुती-हार्मोनियम.

१९१६ च्या मार्चमध्ये बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तिचे सूत्रधार. श्रुती-हार्मोनियम तेथे मांडले गेले, गवयांच्या गळ्याशी ताडून पाहिले गेले आणि वाद पेटला. पेटीच्या श्रुती गवयांच्या गळ्यातल्या श्रुतींशी सर्वत्र जुळेनात. देवल-क्लेमेंट्स पक्षाचा आग्रह होता की गुणोत्तरे निश्चित आहेत. भातखंड्यांनी बारा स्वरांच्या आधारे रागांची व्यवस्था लावणे पसंत केले. आमच्या मते दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा अंश होता. देवलांचा कान खरा होता: टेम्पर्ड पेटीचा गंधार गवयाचा गंधार नाही, हे त्यांनी महाराष्ट्राला आकडे देऊन सांगितले. त्यांचा उपाय मात्र अपुरा पडला. बारा गोठलेल्या स्वरांच्या जागी बावीस गोठलेले स्वर आणल्याने गोठणे संपत नाही. दरबारीचा गंधार एका बिंदूवर नसतोच. तो झुलतो, आणि त्या झुलण्यात राग असतो.

पुढची गोष्ट अधिक कठोर आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने, पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली, तीही संगतीपुरती. तीस वर्षे देशातील सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापासून पेटीवादक दूर राहिले. बंदीमागचा युक्तिवाद पेटी परकी आहे आणि बेसूर आहे असा होता. पण या काळात गावोगावची भजने, कीर्तने आणि नाटके पेटीवाचून थांबली नाहीत. शास्त्राने सिद्ध केलेला दोष आणि समाजाने मान्य केलेले वाद्य यांत शासकीय यंत्रणेने दोषाची बाजू घेतली, आणि त्याची किंमत पोटासाठी वाद्य वाजवणाऱ्यांनी मोजली. बारा सारखे भाग केलेली गिटार आणि पियानो पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमांत वाजतच होते. म्हणजे दोष स्वरात होता तितकाच तो कोणत्या संगीतासाठी, कोणत्या मापाने मोजायचा यातही होता.

येथे आम्हांस आमचा वर्ग आठवतो. या किनाऱ्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. प्रमाण भाषेच्या काट्यावर तो दोष ठरतो. आगरी बोलीच्या स्वतःच्या नियमात तो पूर्ण सुरात आहे. निबंध लिहिताना प्रमाण भाषा वापरावी, हे सांगणे सॅडल घासण्यासारखे उपयुक्त काम आहे. पण त्या मुलाची घरची बोलीच बेसूर आहे असे सांगणे म्हणजे भजनातून पेटी उचलून नेण्यासारखे आहे. ‘प्रमाण’ हा शब्द भरताच्या श्रुतीलाही लागला आणि भाषेलाही. दोन्हीकडे तो मापाचे नाव आहे, मोलाचे नाही.

बावीस श्रुतींचा ध्यास मात्र विझला नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. तीत रागाला लागणारी श्रुती आधी निवडून घेता येते. एका रागापुरती निवड करायची आणि पुढच्या रागाला ती बदलायची, हा मार्ग सतारीचे पडदे सरकवण्याच्या जवळ जातो. गिटारवाल्यांनीही वाटा शोधल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी पडद्यांवर तार दाबण्याऐवजी तारेवरून धातूची कांडी सरकवून रागसंगीत वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा याच वाटेने पुढे गेली. १९७० च्या दशकात झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ या वृंदात वाजवणाऱ्या जॉन मॅक्‌लॉफ्लिन यांनी पडद्यांमधील लाकूड खोल कोरून घेतले, जेणेकरून तार ओढून मींड घेता यावी. यांतील कोणीही गिटारला निर्दोष केले नाही. तिचा दोष ओळखून आपल्या संगीतापुरती वाट काढली.

आज मोरव्यातल्या काय, मिरजेतल्या काय, विद्यार्थ्याच्या हाती भ्रमणध्वनी असतो आणि त्यात स्वर मोजणारा काटा असतो. तो काटा फार उपयोगाचा आहे. बाराव्या पडद्याची परीक्षा त्याने मिनिटात होते; नटच्या खाचा खोल आहेत की उथळ, सॅडल कुठे मागे घ्यावी, याचा अंदाज तो देतो. पण त्याच्या पोटात बारा सारखे भाग भरलेले असतात. पेटीचा चढा गंधार त्याला हिरवा दिवा दाखवतो आणि तंबोऱ्यातून उमटणारा गंधार त्याला उतरा वाटतो. काटा यंत्राचा दोष पकडतो. निवडीचा प्रश्न त्याला दिसत नाही.

म्हणून वाद्य शिकवणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. विद्यार्थ्याची गिटार आधी जाणत्या कारागिराकडून नीट करून घ्यावी. बिघडलेल्या वाद्यावर कान तयार होत नाही. मग महिन्यातून एखादा दिवस त्याला तंबोऱ्यासमोर बसवावे, काटा बंद करावा आणि गंधार शोधायला सांगावे. तो सापडला की गिटार हाती घेऊन तोच स्वर वाजवून पाहावा. चौदा सेंटांचे अंतर त्याच्या स्वतःच्या कानाला कळेल. ते कळल्यावरही तो चर्चमध्ये गिटार आणि देवळात पेटी वाजवीलच, आणि वाजवावी. फक्त आपण काय घेतले आणि काय सोडले हे त्याला ठाऊक असेल.